देशपरिचय : तापी-नर्मदेच्या मधला नंदुरबार जिल्हा

नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश अशा शेजारच्या राष्ट्रांची माहिती आली म्हणजे आमचे वाचक ती मोठ्या कुतूहलानें वाचतात. त्या देशांच्या राजधान्या कोणत्या, नद्या कोणत्या, तेथील लोक काय पिकवतात व काय खातात, हें घरांतील मुलांना बहुधा तोंडपाठ असतें. परंतु आपल्याच महाराष्ट्राच्या वायव्य टोंकाला असा एक मुलूख आहे कीं, ज्याला स्वतःच्या नद्या, पर्वत, भाषा, देवता, बाजारपेठा व इतिहास आहे, आणि तरीहि ज्याच्याविषयीं पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत फार तर दोन वाक्यें बोलतां येतात : तेथें आदिवासी राहतात, आणि तेथील मुलें कुपोषणानें आजारी पडतात. हीं दोन्ही वाक्यें खोटीं नाहींत. पण दोन वाक्यांत कोणत्याहि देशाची ओळख होत नाहीं. यासाठीं या महिन्यांत परदेशाची वाट न धरतां आपण घरच्याच एका देशाकडे वळूं. तो देश म्हणजे नंदुरबार जिल्हा होय.

स्थान व भूरचना

राज्याच्या नकाशांत हा जिल्हा नवा आहे. पूर्वींचा खानदेश जिल्हा १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असा विभागला गेला. पश्चिम खानदेशाचें ठाणें धुळें. पुढें तोच धुळें जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ रोजीं त्याचें पुन्हां विभाजन होऊन नंदुरबार वेगळा निघाला. नंदुरबार, नवापूर, शहादें, तळोदें, अक्कलकुवें व अक्राणी असे याचे सहा तालुके. अक्राणीचें ठाणें धडगांव हें आहे. क्षेत्रफळ सुमारें सहा हजार चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेंत लोकसंख्या सुमारें साडेसोळा लक्ष भरली. त्यांपैकीं शेंकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. महाराष्ट्राच्या कोणत्याहि अन्य जिल्ह्यांत हें प्रमाण इतकें मोठें नाहीं.

पश्चिमेस व वायव्येस गुजरात, उत्तरेस व ईशान्येस मध्यप्रदेश, आणि दक्षिणेस व आग्नेयेस धुळें जिल्हा अशा याच्या सीमा. नकाशा समोर ठेवून पाहिलें असतां दक्षिणेकडून उत्तरेकडे जातांना तीन पट्टे स्पष्ट दिसतात. पहिला तापीच्या खोऱ्याचा. काळी, खोल व कसदार माती, सपाट शेतें, मोठीं गांवें व गजबजलेले रस्ते. दुसरा सातपुड्याचा. एकामागून एक उठणाऱ्या डोंगररांगा, त्यांच्या उतारांवर विखुरलेलीं झोंपडीं, आणि एका पाड्याहून दुसऱ्या पाड्यास जाण्यास अर्धा दिवस लागावा अशा दऱ्या. तिसरा पट्टा अगदीं अरुंद, तो नर्मदेच्या कांठाचा. नर्मदा ही जिल्ह्याची, आणि महाराष्ट्राचीहि, उत्तर सीमा होय. नैऋत्येचा नवापूर तालुका मात्र या तिन्हींहून निराळा. तो सह्याद्रीच्या उत्तर टोंकाच्या टेकड्यांनीं व रानांनीं भरलेला असून तेथें पाऊस चांगला पडतो. तेथील रंगावली नदीच्या कांठीं भाताचीं शेतें लागतात.

गोदावरी, कृष्णा, भीमा या आपल्या परिचयाच्या नद्या पूर्वेकडे वाहतात. येथील तापी व नर्मदा या दोन्ही महानद्या मात्र पश्चिमसमुद्राकडे जातात. पाण्याची वाट जिकडे, तिकडेच व्यापाराचीहि वाट गेली. म्हणून या मुलखाचें तोंड पुष्कळ शतकें पुण्याकडे नसून सुरतेकडे होतें. आजहि येथील बाजारांत मराठी, अहिराणी, गुजराती व भिली यांचे शब्द एकाच वाक्यांत ऐकूं येतात. नवापूरचें रेल्वे स्थानक तर अर्धें महाराष्ट्रांत व अर्धें गुजरातेंत आहे. १९६० सालीं राज्यें वेगळीं झालीं तेव्हां सीमारेषा फलाटावरूनच गेली, आणि तेथील एका बांकावर बसणारे दोन प्रवासी दोन राज्यांत बसलेले असूं शकतात.

सातपुड्यांत तोरणमाळ हें थंड हवेचें ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ११०० मीटरांहून अधिक, म्हणजे तापीकांठच्या गांवांहून तें सुमारें एक हजार मीटर उंच. वर गेल्यावर यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी व गोरखनाथाचें स्थान हीं पाहण्यासारखीं आहेत. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते व डोंगरांतील लोक मैलोगणती पायीं चालत येतात. याच पर्वतांत अस्तंभा नांवाचें उंच शिखर आहे. सप्तचिरंजीवांचें स्मरण करतांना ज्या अश्वत्थाम्याचें नांव आपण प्रथम घेतों, तो कपाळावरची जखम घेऊन या शिखराच्या परिसरांत फिरतो अशी इकडची श्रद्धा आहे. दिवाळींत, धनत्रयोदशीच्या सुमारास, हजारों तरुण रात्रीच्या अंधारांत हें शिखर चढून जातात. महाभारतांतील ज्या पुरुषाचें आपण केवळ नांव घेतों, त्याच्या भेटीस दरवर्षीं जाणारे लोक आपल्या राज्यांत आहेत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

पूर्ववृत्त

तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशें या गांवास लोक दक्षिणकाशी म्हणतात. काशीयात्रा केली तरी प्रकाशाचें दर्शन घेतल्याखेरीज तिचें पुण्य पुरें होत नाहीं, असा समज आहे. केदारेश्वराचें देऊळ संगमाजवळ असून, गुरु सिंह राशींत आला म्हणजे गौतमेश्वराच्या ठिकाणीं पर्वकाळ मानला जातो. परंतु प्रकाशाचें महत्त्व केवळ धार्मिक नाहीं. १९५४-५५ सालीं पुरातत्त्व खात्याचे बा. कृ. थापर यांनीं येथील टेकाड खणलें. तेव्हां एकावर एक अशा चार कालखंडांच्या वसाहती उघड झाल्या. अगदीं तळाशीं तांबें व दगडाचीं बारीक पातीं वापरणाऱ्या, रंगीत भांडीं घडविणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती होती. ती इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या सहस्रकांतली. म्हणजे ज्या काळीं पुण्याचें नांवहि कोणास ठाऊक नव्हतें, त्या काळीं तापीच्या कांठीं गांवें नांदत होतीं.

नंदुरबार शहर नंद गवळी राजानें वसविलें अशी दंतकथा आहे. लेखी वृत्तान्त मिळतो तो मात्र एका परदेशी प्रवाशाचा. मोरोक्कोचा इब्न बतूता हा इ. स. १३४२ च्या सुमारास दौलताबादेहून खंबायतेकडे जात असतां या गांवीं आला. येथील मराठे लोक हस्तकौशल्यांत निपुण असून वैद्यक व ज्योतिष जाणतात, त्यांच्यांतील थोर लोक ब्राह्मण व क्षत्रिय आहेत, अशी नोंद त्यानें केली आहे. त्यांचें अन्न तांदूळ, भाज्या व तिळाचें तेल. जेवणापूर्वीं ते काळजीपूर्वक अंग धुतात. सात पिढ्यांचें अंतर असल्यावांचून नात्यांत विवाह करीत नाहींत. आणि मद्यपान हा मोठा दोष समजतात, असेंहि तो लिहितो. सोवळें, सापिंड्य व आहार यांविषयींच्या आपल्या घरांतील चालीरीतींचा इतका जुना व तिऱ्हाइताच्या लेखणीचा पुरावा ज्या गांवाच्या नांवावर आहे, तें गांव आपण मागासलेलें म्हणून बाजूस सारतों, याचें आश्चर्य वाटतें.

पुढें नंदुरबार व सुलतानपूर हे सरहद्दीचे परगणे म्हणून गुजरातचे सुलतान व खानदेशचे फारुकी यांच्यांत पुष्कळ ओढाताण झाली. अकबराच्या काळीं नंदुरबार हें माळवा सुभ्यांतील एक सरकार होतें. मोगलाईंत सुरत बंदरांतून बुऱ्हाणपूरमार्गें आग्र्यास जाणारा मोठा रस्ता नवापूर व नंदुरबारवरून जाई. सतराव्या शतकांत त्या रस्त्यानें गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याला नवापूर हें विणकरांनीं भरलेलें मोठें गांव दिसलें. परंतु त्याच्या मनांत विशेष भरला तो तेथील तांदूळ. दाणा नेहमींच्या तांदळाहून बारीक, शिजल्यावर बर्फासारखा शुभ्र व कस्तुरीसारखा सुवासिक, अशी त्याची तारीफ करून, हिंदुस्थानांतील उमराव हाच तांदूळ खातात व इराणांत तो नजराणा म्हणून नेतात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. या गोष्टी सविस्तर सांगण्याचें कारण इतकेंच कीं, हा मुलूख जन्मतःच आडबाजूचा नव्हता. एके काळीं जगाचा व्यापार याच्या दारावरून जात होता.

मग हा दुर्गम झाला केव्हां? त्याचें उत्तर इतिहासाच्या पुढच्या शंभर-दीडशें वर्षांत आहे. पेशवाईच्या उत्तरार्धांत लढाया व लुटालूट यांनीं खानदेश उजाड झाला. त्यांत १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. मैदानांतील अनेक गांवें ओस पडलीं आणि भिल्ल लोक डोंगरांत हटले. १८१८ मध्यें इंग्रजांनीं खानदेश घेतला. प्रथम त्यांनीं भिल्लांवर फौजा धाडल्या. त्यानें कांहीं साधेना, तेव्हां १८२५ मध्यें औट्रॅम या अधिकाऱ्यानें धरणगांवास भिल्लांचीच पलटण उभारली. अक्कलकुव्याच्या बाजूचे काठी, चिखली, गंगठा, नाला, सिंगपूर व नवलपूर येथील मेवासी संस्थानिक आपापल्या रानांत तसेच राहूं दिले. १८५७-५८ च्या उठावांत खाज्या नाईक व भीमा नाईक यांनीं सातपुड्यांत सरकारास बराच काळ जेरीस आणलें. त्यानंतर १८७८ चा जंगलाचा कायदा आला, आणि ज्या रानावर हे लोक जगत होते त्या रानांत लांकूड तोडणें हा त्यांचा गुन्हा ठरला. मैदानांत सावकारी पसरली व जमिनी कागदोपत्रीं हातोहात गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस तापी खोऱ्याची रेल्वे झाली. तिनें कापूस सुरतेकडे नेला, पण डोंगरांत ती चढली नाहीं. मैदान व पहाड यांच्यांत जें अंतर आज दिसतें, तें अशा रीतीनें माणसांनीं पाडलें आहे. केवळ निसर्गानें नव्हे.

स्वातंत्र्याच्या लढ्यांत नंदुरबारचें नांव अमर करणारा दिवस म्हणजे ९ सप्टेंबर १९४२. त्या दिवशीं विद्यार्थ्यांची मिरवणूक तिरंगा घेऊन निघाली असतां पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे धारातीर्थीं पडले. गुजराती घरांतला मुलगा व मराठी घरांतला मुलगा एकाच झेंड्याखालीं पडले, हें या सीमेवरच्या गांवास साजेसेंच झालें.

तत्पूर्वीं तळोदें तालुक्यांतील मोरवड येथें एक मोठी चळवळ झाली. तिची आठवण बाहेर फारशी कोणी काढीत नाहीं. गुलाम महाराज नांवाच्या भिल्ल सत्पुरुषानें दारू सोडा, स्नान करा, एकमेकांस तुच्छतेच्या शब्दांनीं न हांकारतां आप म्हणा, असा उपदेश सुरू केला. त्यांच्या आरतीस हजारोंचे समुदाय लोटत. १९३८ मध्यें त्यांचा देह पडल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनीं तें कार्य पुढें चालविलें. ज्यांस सर्वांनीं अरे-तुरे करावें, त्यांनीं प्रथम एकमेकांस बहुमानानें हांक मारण्यास शिकावें, हा विचार किती खोल आहे!

त्याच बीजाचें झाड पुढें शहाद्यास वाढलें. अंबरसिंग सुरतवंती या आदिवासी तरुणाच्या पुढारीपणाखालीं १९७० नंतरच्या वर्षांत गेलेल्या जमिनी परत मिळाव्या व सालदारांस योग्य मजुरी मिळावी म्हणून आंदोलन झालें. ३० जानेवारी १९७२ रोजीं शहाद्यास भूमुक्तीचा मेळावा भरला. श्रमिक संघटना उभी राहिली. या चळवळींत बायकांनीं गांवोगांव दारूचीं मडकीं फोडलीं व नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध आवाज उठविला. अंबरसिंग १९७४ मध्यें ऐन तारुण्यांत वारले, परंतु त्यांनीं जागा केलेला समाज पुन्हां झोंपला नाहीं.

लोक व लोकाचार

आदिवासी हा एक शब्द झाला. माणसें अनेक प्रकारचीं आहेत. सातपुड्यांत पावरा व वसावे, तडवी इत्यादि भिल्ल कुळें, नवापूरकडे मावची म्हणजे गावीत व कोकणा, शिवाय धानका वगैरे जमाती आहेत. प्रत्येकीची बोली निराळी. तापीच्या कांठीं गुजर, पाटील, राजपूत, माळी, वाणी, मुसलमान असे अठरापगड लोक राहतात. गुजर शेतकऱ्यांनीं मेहनतीनें व पाण्याच्या योजनांनीं शहाद्याचा परिसर हिरवा केला, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

डोंगरांतील मुख्य देवता याहामोगी. तिला लोक अन्नधान्याची माता मानतात. अक्कलकुवें तालुक्यांतील डाब हें तिचें मूळ ठिकाण समजतात, आणि गुजरातेंतील देवमोगरा येथें महाशिवरात्रीस तिची यात्रा भरते. सर्वांत मोठा सण होळी. होळीपूर्वींच्या आठवड्यांत भोंगऱ्या बाजार भरतात. तेव्हां ढोलांच्या नादानें दऱ्या दणाणून जातात, आणि एरव्हीं दूरदूरच्या पाड्यांवर राहणारे आप्तेष्ट एकमेकांस भेटतात. काठी संस्थानची राजवाडी होळी विशेष प्रसिद्ध आहे. उंच बांबू आणून, हातांनीं खळगा खणून तो उभारतात व पहांटेस ती होळी पेटते. अंगावर नक्षी काढलेले, डोक्यास मोरपिसांचे टोप व कमरेस घुंगरू बांधलेले तरुण रात्रभर नाचतात. त्यांतील पुष्कळांनीं सणापूर्वींचे दिवस व्रतस्थ राहून काढलेले असतात, हें प्रेक्षकांस सहसा ठाऊक नसतें.

आमच्या वाचकभगिनींस एका चालीची माहिती अवश्य दिली पाहिजे. या समाजांत मुलीच्या बापानें हुंडा द्यावयाचा नसतो. उलट मुलाकडच्यांनीं मुलीच्या घरीं देज द्यावयाचें असतें. कारण एक कष्ट करणारें माणूस त्या घरांतून जात आहे. देजाच्या रकमाहि अलीकडे वाढून त्यापायीं कर्ज होऊं लागलें आहे, ही त्याची वाईट बाजू झाली. परंतु मुलगी जन्मली म्हणजे ओझें आलें, ही समजूत त्या झोंपडींत नाहीं. ज्या घरांत पदवीधरांच्या तसबिरी लागल्या आहेत, त्या घरांतील हुंड्याच्या याद्या आठवल्या म्हणजे कोण कोणापासून काय शिकावें, याचा विचार पडतो.

शेती, व्यापार व उदीम

तापीच्या खोऱ्यांत कापूस, ऊंस, केळीं, पपई, मिरची, गहूं व दादर ज्वारी हीं पिकें मुख्य. शहाद्याची पपई उत्तर हिंदुस्थानांत जाते. पुरुषोत्तमनगर येथें सहकारी साखर कारखाना आहे, तर नवापूर तालुक्यांत डोकारें येथें आदिवासी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभारण्यांत आला. नवापूरला तूरडाळीच्या गिरण्या आहेत. कोंबड्यांचाहि धंदा तेथें मोठा. २००६ सालीं बर्ड फ्लू हा रोग भारतांत प्रथम आढळला तो तेथेंच, आणि त्या वेळीं लाखों पक्षी मारावे लागून अनेक कुटुंबें बुडालीं. दत्तजयंतीस सारंगखेड्याला तापीकांठीं एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हां घोड्यांचा मोठा बाजार होतो. मारवाड, काठेवाड व पंजाबकडून जातिवंत जनावरें येतात.

नंदुरबारचें खरें नांव झालें आहे तें मिरचीनें. शरद ऋतु संपतां संपतां ओल्या लाल मिरचीच्या गाड्या बाजारसमितींत येऊं लागतात. व्यापारी ती खरेदी करून गांवाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर वाळत घालतात; या मैदानांस इकडे पथारी म्हणतात. एकरोंएकर जमीन लाल होऊन जाते. बायका दिवसभर उन्हांत बसून देंठ खुडतात. हातांची आग होते, डोळे चुरचुरतात. अवकाळी पावसाची एक सर आली तर पथारीवरचा सगळा माल काळा पडतो व व्यापाऱ्याबरोबर त्या बायकांचाहि रोज बुडतो. आपल्या घरीं मसाल्याचा जो पुडा येतो, त्याच्या मागें अशी एक साखळी आहे.

डोंगरांतील अर्थव्यवहार अगदीं निराळा. तेथें उतारावरची खडकाळ जमीन, पावसावरची ज्वारी, मका, भगर व कुळीथ. घरचें धान्य वर्ष पुरत नाहीं. चैत्रांत मोहाचीं फुलें वेंचावीं. त्यांची केवळ दारू होते हा शहरी गैरसमज असून, तीं वाळवून टंचाईच्या दिवसांत अन्न म्हणूनहि खातात. उन्हाळ्यांत कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी वाळवून आमचूर करावा. अक्राणीचा आमचूर दूरच्या बाजारांत जातो, पण सोलणाराच्या हातीं त्यांतलें थोडेंच लागतें. चारोळी, डिंक, तेंदूपानें हें दुसरें उत्पन्न. आणि दसरा-दिवाळी झाली कीं गांवेंच्या गांवें कोयते घेऊन गुजरातेंत ऊंस तोडण्यास जातात. लहान मुलें बरोबर जातात, शाळेचा पट रिकामा होतो, अंगणवाडींतला आहार तसाच राहतो. कुपोषण व निरक्षरता यांचें मूळ पुष्कळ अंशीं या सालाबादच्या स्थलांतरांत आहे. आळस किंवा अज्ञान यांत तें शोधणें हा अन्याय होय.

नर्मदेचें पाणी

या जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासांतील सर्वांत मोठी घटना म्हणजे सरदार सरोवर. १९६१ मध्यें पायाभरणी झालेल्या या धरणाविषयीं १९७९ मध्यें लवादाचा निर्णय झाला आणि गुजरातेंतील बांधाच्या मागें महाराष्ट्राचीं ३३ गांवें बुडित क्षेत्रांत गेलीं. तीं सर्व अक्कलकुवें व अक्राणी तालुक्यांतलीं. मणिबेली हें त्यांतलें पहिलें. १९९३ च्या पावसाळ्यांत तेथील घरांत पाणी शिरलें. जवळचें शूलपाणेश्वराचें प्राचीन देऊळहि पुढें जलाशयांत गेलें. नर्मदा बचाव आंदोलनानें या लोकांचा प्रश्न जगापुढें मांडला. डोंगरांत मुलांसाठीं जीवनशाळा काढल्या. पुष्कळ कुटुंबांस तळोदें तालुक्यांत सोमावल, रोझवा अशा वसाहतींत जमिनी मिळाल्या. कित्येकांस त्या मिळण्यास फार वर्षें लागलीं. २०१७ मध्यें धरण पूर्ण उंचीचें होऊन राष्ट्रास अर्पण झालें. दक्षिणेकडे तापीवरच्या उकाई धरणाच्या फुगवट्यानेंहि नवापूर व नंदुरबार तालुक्यांतील जमिनी पूर्वींच घेतल्या होत्या.

सरदार सरोवराच्या विजेंत महाराष्ट्राचा वांटा शेंकडा २७ आहे. धरण असावें कीं नसावें, याविषयीं आमच्या वाचकांत दोन पक्ष असतील व असावेत. परंतु एका गोष्टींत दुमत होण्याचें कारण नाहीं : ज्या विजेवर आपल्या घरांतील दिवा लागतो, तिच्यासाठीं ज्यांनीं घर सोडलें, त्यांची वास्तपुस्त करणें हें त्या दिव्याखालीं बसणाऱ्यांचें कर्तव्य आहे.

नर्मदापरिक्रमा करणारीं माणसें आपल्या पुष्कळ घरांत आहेत. शूलपाणीच्या झाडींत भिल्ल परिक्रमावासीयांस लुटतात, अंगावरचें वस्त्रहि ठेवीत नाहींत, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलों. त्या लुटारूंस मामा म्हणण्याचीहि रीत आहे. ती झाडी म्हणजे हाच डोंगराळ प्रदेश. पण त्याच झाडींतून अलीकडे जाऊन आलेले लोक सांगतात कीं, ज्या पाड्यावर रात्र पडली तेथें घरांतली अर्धी भाकरी पुढें आली व निजण्यास एकुलती खाट मिळाली. लुटीची कथा आपण मुलांना सांगतों, तर भाकरीचीहि सांगितली पाहिजे. आणि त्याच लोकांचें रान, जमीन व गांव कोणीं नेलें, तेंहि सांगितलें पाहिजे.

आजची स्थिति

२९ सप्टेंबर २०१० रोजीं शहादें तालुक्यांतील टेंभली या गांवीं आधार योजनेचा आरंभ झाला; देशांतील पहिले आधार क्रमांक तेथें दिले गेले. तरीहि नीति आयोगानें २०१५-१६ च्या पाहणीवरून जें गणित मांडलें, त्यांत या जिल्ह्यांतील निम्म्याहून किंचित अधिक लोक आरोग्य, शिक्षण व राहणीमान या सर्व दृष्टींनीं मिळून दरिद्री ठरले. महाराष्ट्रांत हें प्रमाण सर्वांत मोठें होतें. २०११ मध्यें साक्षरता शेंकडा ६४ होती. २०१८ मध्यें केंद्र सरकारनें आकांक्षित जिल्ह्यांत याची गणना केली. नर्मदेच्या कांठच्या गांवांसाठीं तरंगते दवाखाने सुरू झाले, आणि २०२० मध्यें नंदुरबारास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. वनहक्कांच्या २००६ च्या कायद्यानें डोंगरांतील अनेकांस कसत्या जमिनीचे दाखले मिळाले. पाड्यांवरचीं मुलें आतां शिक्षक, डॉक्टर व अधिकारी होऊं लागलीं आहेत. गति मंद आहे. पण दिशा बरोबर आहे.

प्रवासास जाणारांस सूचना

सुरत-भुसावळ मार्गावरील नंदुरबार स्थानकावर उतरावें. पावसाळा संपल्यावर, अश्विनापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. प्रकाशें, सारंगखेडें व शहादें तालुक्यांतील उनपदेवाचा उष्ण पाण्याचा झरा हीं एका दिवसांत होतात. तोरणमाळास मुक्काम करावा. मिरचीच्या दिवसांत गेल्यास पथारी पाहण्यास विसरूं नये. होळीस जाणारांनीं तमासगीर म्हणून न जातां पाहुणे म्हणून जावें. परवानगीवांचून छायाचित्रें काढूं नयेत, व व्रतस्थ माणसास स्पर्श करूं नये. मुलांना बरोबर अवश्य न्यावें. आपल्या भाषेखेरीज अन्य भाषांतहि शहाणपण बोललें जातें, हें त्यांस पुस्तकापेक्षां एका बाजारांत लवकर कळेल. आणि तेथें कोणाशींहि, मग तो हमाल असो कीं पाड्यावरची म्हातारी, बोलतांना आप किंवा तुम्ही म्हणावें. मोरवडच्या सत्पुरुषानें आपल्या लोकांस हेंच प्रथम शिकविलें होतें. बाहेरून जाणारानें तें पाळण्यास कांहींच खर्च येत नाहीं.